व्याह्यांचा सूर

अख्ख्या पुण्यात स्वल्पविराम ऐकू येईल असं वाचणारा माणूस एकच, आणि तो आमचा व्याही आहे, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगतो. सून घरात येईपर्यंत मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कॅथलिक देवळात बायबल नुसतं वाचत नाहीत, पूर्वापार रीतीनं गातातही. एकाच सुरावर चालत राहायचं, स्वल्पविरामाला किंचित उतरायचं, प्रश्नचिन्हाला वर चढायचं आणि पूर्णविरामाला घरी येऊन बसायचं. व्याह्यांच्या हाडीमाशी हे इतकं भिनलंय, की सदाशिव पेठेतल्या आमच्या जिन्यात लावलेली पाणीकपातीची नोटीसही त्यांनी याच चालीत वाचली, आणि वरच्या मजल्यावरच्या खाष्ट काकू चक्क हात जोडून उभ्या राहिल्या. एकदा मी आगाऊपणा केला. म्हटलं, "अहो, मधे एखादी मुरकी घ्यायला काय हरकत आहे?" त्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. "मुरकी लग्नात घ्या. इथं माणूस मरतोय." वाटी त्या दिवशी तशीच राहिली.

माणूस मरतोय म्हणजे गुड फ्रायडेला. त्या दुपारी येशूच्या मरणाची सगळी कथा गातात. येशूचे शब्द फादर, जमावाचे कॉयर म्हणजे गाणारी मंडळी, आणि उरलेली सबंध कथा व्याही, आमची सून जन्मायच्या आधीपासून. त्या दिवशी ऑर्गन मुका, घंटाही मुकी. म्हणून हे सकाळी घरच्या पेटीवर सूर घेतात, पेटी बंद करतात आणि तीन वाजेपर्यंत तो घशात सांभाळतात. उपास असतोच, वर मौन. विहीणबाईंनी चष्मा कुठे ठेवलाय विचारलं, तर उत्तर फक्त "हं", तेही त्याच सुरात. मग मी त्यांना शनिवार पेठेतून स्कूटरवर कॅम्पातल्या देवळात नेतो. बुधवार पेठेत चहूबाजूंनी हॉर्न कोकलत असतात आणि मागे बसलेले व्याही माझ्या उजव्या कानाशी अखंड गुणगुणत असतात. नऊ वर्षं हा कान मी त्यांना वाहिला आहे.

यंदा नवे फादर आले. मनानं चांगले, पण घड्याळाचे भक्त. म्हणाले, "ऊन फार आहे, माणसं वयस्कर आहेत. आता नुसतं वाचू या."

"फादर, गणपतीत आरती कुणी वाचून दाखवतं का?" व्याही म्हणाले.

फादर हसले, पण हटले नाहीत. "बरं, यंदा गा. मात्र मधेच अडलात, तर पुढल्या वर्षीपासून वाचनच." व्याह्यांना थंडीपासून खोकला लागला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

येशूनं प्राण सोडला, या वाक्याला सारं देऊळ गुडघे टेकतं. ती शांतता किती लांबवायची हे व्याह्यांच्या हाती, आणि तिथं ते कुणाच्याही गुडघ्यांवर दया करत नाहीत. यंदा ते उठले, त्यांनी तोंड उघडलं आणि खोकला आला. खोकला थांबला, पण सूर गेला तो गेलाच. ऑर्गन बंद, पेटी शनिवार पेठेत. पुढचं वाचायला फादरांचं बोट पुस्तकावर सरकलं. सुनेनं माझा हात घट्ट धरला.

मला गाता येत नाही. पण उजव्या कानात तो सूर होता, आणि तो माझ्या तोंडून केव्हा निघाला ते मला कळलं नाही. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी तो धरला, मग सगळ्या देवळानं. व्याह्यांनी मान वर केली, पुढचं वाक्य उचललं आणि शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सुखरूप पोचवलं.

बाहेर फादरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "पुढच्या वर्षी गायचंच हं."

व्याही माझ्याकडे वळले. "तुमचा सूर जरा खाली लागला होता."

"मग?"

"मग काय, तोच घेतला. व्याह्यांचा मान."

परतताना ते मागे गप्प बसून होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तो हात इतका हलका झालाय, हे मला आजवर जाणवलं नव्हतं. बुधवार पेठेत हॉर्नचा गदारोळ सुरू झाला तेव्हा लक्षात आलं, गुणगुणत मी होतो.