मागची काच दोनदा फुटली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात उभं राहून दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण रस्त्यानं एखादी मोठी गाडी पुढे गेली, की माझी नजर आधी तिच्या मागच्या काचेवर जाते आणि सोलापुरातली ती तक्रार काल घडल्यासारखी समोर उभी राहते. त्यात कुणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही छापून आल्या नाहीत. नावं मी सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गल्लीत राहतात.

त्या वेळी शहराच्या पूर्व भागातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. हा सगळा विणकरांचा भाग. खाली माग, वर घर. घरात तेलुगू, दारात मराठी. दिवसभर मागांचा खडखडाट एवढा, की नव्या माणसाला शेजारच्याचं बोलणं कळत नाही. तिथल्या लोकांना मात्र वीज जाऊन माग थांबले, की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

उन्हाळा नुकताच सुरू झाला होता. एक वयस्कर कारखानदार ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर येऊन बसले. सत्तरी ओलांडलेली, कपडे पांढरेशुभ्र, बोलणं चढ्या आवाजात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. तरुणपणी दुसऱ्याच्या मागावर मजुरी केली, मग एक माग घेतला, मग चार, असं करत ते तिथवर पोचले होते. त्यांची सात जण बसतील एवढी मोठी गाडी घराच्या फाटकाआत उभी असताना भरदुपारी कुणीतरी मागची काच फोडली होती. गाडीतली एकही वस्तू गेली नव्हती.

काच फोडणं हा अदखलपात्र मामला. एन.सी. नोंदवायची, तक्रारदाराला कोर्टात जाण्याचा हक्क समजावून सांगायचा, एवढंच पोलिसांच्या हाती असतं. अंमलदारानं तेवढं केलं. कारखानदार कुरकुरत गेले. गाडी जुन्या मॉडेलची. पुढची काच सोलापुरात मिळाली असती, पण मागची, तीही आतून गरम होणाऱ्या तारांची, पुण्याहून मागवावी लागली. ती येईपर्यंत गाडी झाकून ठेवली होती.

काच आली, बसवली, गम वाळायला एक दिवस गाडी गॅरेजमध्येच राहिली. घरी आणल्यावर दुसऱ्याच दुपारी ती पुन्हा फुटली.

या वेळी ते थेट माझ्या केबिनमध्ये आले.

"साहेब, आता मला माणूस माहीत हाय," ते म्हणाले. "माझा जुना ड्रायव्हर. वीस-पंचवीस वर्षं माझ्या घरचं खाल्लं आणि आता डूख धरून बसलाय."

"कशावरून म्हणता?"

"दोन महिन्यांपूर्वी काढला त्याला. कारखान्यात चारचौघांत मला म्हणतो, मालक, तुम्ही आता स्टेअरिंगला हात लावू नका. मला म्हणतो. त्याला गाडी मी शिकवली की. म्हटलं, उद्यापासून येऊ नको. माझी गाडी मीच चालवतो."

त्यांच्याबरोबर बीट हवालदाराला पाठवलं आणि थोड्या वेळानं मी स्वतःही गेलो. खरं तर एका काचेसाठी अधिकाऱ्यानं जायचं कारण नव्हतं. पण दोनदा तीच काच फुटते आणि चोरी होत नाही, हे मला खटकत होतं. गाडीच्या मागे काचेचे दाणे साबुदाण्यासारखे पसरले होते. आत सीटवर, डिकीत सगळीकडे हात फिरवून पाहिलं. दगड कुठेच नव्हता. मालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणायची, त्या पायरीवर उभ्या होत्या. बारीक अंगकाठी, मोठं कुंकू. त्यांनी आम्हाला ताक दिलं. पेला देताना त्यांच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी दिसली. विचारलं, तर विळीनं कापलं म्हणाल्या.

संध्याकाळी हवालदार खबर घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी होती. टपरीवाल्यानं सांगितलं होतं, की दुसऱ्यांदा काच फुटली त्या दुपारी जुना ड्रायव्हर हातात डबा घेऊन त्या घरात गेला होता आणि परतताना मान खाली घालून, कुणाशी न बोलता निघून गेला.

"साहेब, लई सरळ केस हाय," हवालदार म्हणाला. "वैर हाय, जागेवर दिसलाय. अजून काय पायजे?"

ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. तो स्वतःच्या पायानं आला. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, हातात स्वच्छ धुतलेला रुमाल. आता तो एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गाडी चालवत होता. मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"त्या दिवशी त्या घरी गेला होतास?"

"व्हय साहेब. ईदचा शीरखुर्मा घेऊन गेलतो. दर वर्षी देतो अम्मांना."

"काच कुणी फोडली?"

त्यानं हातातला रुमाल घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "मी फोडली. लिवून घ्या."

हवालदारानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"कशानं फोडली?"

"दगडानं."

"दगड कुठं गेला?"

"पडला आसंल कुटंतरी."

"आणि पहिल्यांदा फुटली तेव्हा?"

"ती बी मीच. दोन्ही मीच फोडल्या. काय असंल ती सजा द्या, पण आता त्या घरी नका जाऊ, साहेब."

मी हवालदाराला खूण करून बाहेर नेलं आणि ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला फोन लावायला सांगितला. पहिल्यांदा काच फुटली त्या दिवशी हा माणूस एका कुटुंबाला घेऊन विजापूरला गेला होता. सकाळी निघालेली गाडी दिवस मावळल्यावर परत आली होती. म्हणजे पहिली काच त्यानं फोडलेली असणं शक्यच नव्हतं, तरी तो ती स्वतःच्या अंगावर घेत होता.

खोट्या कबुल्या मी बऱ्याच ऐकल्या आहेत. माणूस मार चुकवायला खोटं कबूल होतो, किंवा कुणाला तरी वाचवायला. या माणसाला कुणी बोटही लावलं नव्हतं आणि तो घाबरलेलाही नव्हता. उलट कबुली दिल्यावर त्याचा चेहरा हलका झाला होता. शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं होतं. त्या घरी नका जाऊ. त्या घरात राहतात दोनच माणसं; मुलं परगावी. त्यातल्या एकानं तक्रार दिली होती. दुसरीच्या अंगठ्याला चिंधी होती.

जबाब अजून कागदावर घेतलेला नव्हता. तो तसाच थांबवला, ड्रायव्हरला चहा द्यायला सांगितला आणि एका महिला हवालदाराला घेऊन अम्मांकडे गेलो. कारखानदार रिक्षानं कारखान्यात गेले होते.

अम्मांनी दार उघडलं आणि आम्ही बसायच्या आत विचारलं, "त्याला सोडलं का?"

"त्यानं गुन्हा कबूल केलाय, अम्मा. दोन्ही काचा फोडल्या म्हणतो."

  त्या तशाच आत गेल्या, एक लोखंडी बत्ता घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि तिथंच खाली बसल्या.

"यानं फोडली. दोन्ही वेळा मीच. दुपारी हे झोपतात, गल्लीत माग चालू असतात, कुणाला ऐकू जातंय? पहिल्यांदा मधोमध मारलं, काही झालं नाही. मग कोपऱ्यात मारलं, तर सगळी खाली आली. दुसऱ्या वेळी हात कापला, तेवढ्यात तो डबा घेऊन आला. त्यानं बघितलं. माझ्या हाताला स्वतःचा रुमाल बांधला आणि म्हणाला, अम्मा, आत जा, मी काही पाहिलं नाही."

"पण का, अम्मा?"

त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "तिथं. महिन्यापूर्वी हे गाडी मागं घ्यायलेत आणि समोरच्यांची नात, आत्ता आत्ता चालायला लागलीय, ती बाजूनं गाडीच्या मागं आली. मी ओरडायलेय, मागांच्या आवाजात ह्यांना कुठलं ऐकू येतंय. धावले आणि तिला ओढलं. चाक असं, हातभरावर होतं. हे गाडीतून उतरले आणि मला विचारतात, तू मातीत का बसलीस?"

 त्यांनी समोरचा बत्ता बाजूला सरकवला.

"ह्यांना बाजूचं दिसत नाही, साहेब. ताटाच्या बाजूला ठेवलेला तांब्या दिसत नाही. मी रोज बघते की."

"मग तसं सांगायचं त्यांना."

"ड्रायव्हरनं सांगितलं, त्याचं काय झालं? आणि मी कशी सांगू? मजूर असताना लोकांनी ह्यांना काय काय सुनावलं. तुला जमणार नाही, तुला जमणार नाही. मी एकटी म्हणत होते, जमेल. आता म्हातारपणी मीच म्हणू, तुम्हाला जमत नाही?" त्यांनी डोळे पुसले. "पुढची काच लगेच मिळते, मागचीला वेळ लागतो, एवढं ड्रायव्हरच्या बोलण्यातून माहीत होतं. म्हटलं, तेवढे दिवस तरी गाडी उभी राहील."

मी म्हणालो, "नुकसान केल्याबद्दल गुन्हा होतो, माहीत आहे ना?"

त्यावर अम्मा ताठ बसल्या. "गाडी माझ्या नावावर हाय. घेतली तेव्हाच ह्यांनी माझ्या नावावर केली. माझी काच मी फोडली. त्यात तुमचा कायदा काय म्हणतो?"

कायदा काही म्हणत नव्हता. महिला हवालदार तोंडाला पदर नव्हता म्हणून टोपी लावून हसली.

मी त्यांना म्हणालो, की हे मी तुमच्या यजमानांपासून लपवू शकतो, पण मग आळ त्या ड्रायव्हरवरच राहील. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. पायात चपला घातल्या आणि बत्ता पिशवीत टाकून आमच्याबरोबर ठाण्यात आल्या.

कारखानदारांना निरोप धाडला. ते आले ते ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला असेल या समजुतीनं. केबिनमध्ये बायकोला पाहून थबकले. अम्मांनी तेलुगूत बोलायला सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण बत्ता टेबलावर आला, मग लहान मुलाची उंची दाखवणारा हात झाला, मग चाकाचं अंतर. कारखानदारांचा चेहरा आधी लाल झाला आणि हळूहळू राखेसारखा होत गेला.  ड्रायव्हर कोपऱ्यात भिंतीकडे बघत उभा होता, जणू दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकू नये म्हणून.

शेवटी कारखानदार मराठीत म्हणाले, बहुतेक आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून, "काचबिंदू हाय मला. डॉक्टरनं गेल्या वर्षीच सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला. हिला सांगितलं नाही. म्हटलं, उगीच रात्रंदिवस काळजी करत बसेल."

अम्मा त्यांच्याकडे वळल्या. "थेंब घालता का मग?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यात ठेवलेत. टेबलाच्या खणात."

"उद्यापासून घरी आणा. मी घालते."

कारखानदारांनी मान हलवली. मग ते ड्रायव्हरकडे वळले. पंचवीस वर्षं आपल्याकडे राबलेल्या माणसाची माफी कशी मागायची, हे त्यांना येत नव्हतं. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, हातात जरा वेळ धरली आणि त्याच्यापुढे केली.

"काच बसवून आण," ते म्हणाले.

"पुण्याहून यावी लागंल, मालक. वेळ लागंल."

"लागू दे. घाई कुणाला हाय?"

ड्रायव्हरनं किल्ली घेतली. ट्रॅव्हल्सची नोकरी त्यानं त्याच आठवड्यात सोडली, हे मला हवालदाराकडून नंतर कळलं. आपली तक्रार नाही, असं कारखानदारांनी लिहून दिलं, मी ठाणे दैनंदिनीत तशी नोंद घेतली आणि प्रकरण संपलं.

पुढे एका रविवारी हिप्परग्याच्या तलावाकडे जाताना ती गाडी मला दिसली. मागची काच नवी कोरी होती. ड्रायव्हर चालवत होता, कारखानदार त्याच्या शेजारी बसून हातवारे करत गाडी कशी चालवावी ते त्याला सांगत होते आणि अम्मा मागच्या सीटवर पेरू खात होत्या.

पोलीस ठाण्यात कुणीही नुकसानीची तक्रार घेऊन आला, की आम्ही आधी विचारतो, कुणाशी वैर आहे का, कुणावर संशय आहे का. आमची सगळी नजर वैर शोधण्यासाठी तयार झालेली असते, आणि बहुतेक वेळा ते सापडतंही. त्या प्रकरणानंतर मात्र मी तक्रारदाराला आणखी एक प्रश्न विचारायला लागलो. घरात तुमच्यावर जास्त जीव कुणाचा आहे? लोक चमकून बघायचे. साहेबांना काय झालं, असं वाटायचं त्यांना. पण उत्तर देताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि तक्रार तिथून पुढे वेगळीच ऐकू यायला लागायची.