फोनवरचा हुंकार

पंखा बंद केला की त्याची पाती हळूहळू एकमेकांपासून सुटी दिसू लागतात, आणि मग खोलीत अशी गरम, जड निःशब्दता उतरते की आपल्याच श्वासाचा आपल्याला संकोच वाटावा. एप्रिलातली दुपार. खिडकीही लावून घेतलेली, कारण डोक्यावरचा पंखा आणि खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा, दोन्हींचा आवाज फोनमधून पलीकडे जातो. पुण्याच्या एका कार्यालयातून माझी मुलाखत होणार होती, फोनवर. तरी मी इस्त्रीचा ड्रेस घातला होता, ओढणीला पिन लावली होती. कोण बघणार होतं? पण मोठ्या माणसासमोर नीटनेटकं जायचं असतं, आणि कुणाच्या आवाजासमोर जाणं हेही जाणंच नाही का?

खरं सांगते, त्या दिवसांत मी फार थकले होते. चितेगावच्या एका कारखान्यात हंगामी कामाला होते. आलेल्या मालाची संगणकात नोंद करायची. पाळी संपली की परतीच्या बसमध्ये ओठातल्या ओठात इंग्रजी वाक्यं घोकायची. महिनाअखेरीस ते काम संपणार होतं. मग एक तर पुणे, नाही तर पैठणकडचं आमचं गाव. गावाचं मला वावडं नाही. आईच्या शेळ्यांमागे हिंडतच मी वाढले. पण घरातली पहिली पदवीधर पुन्हा शेळ्यांमागेच आली, तर धाकटीला पुढं शिकवायचं कुणाच्या भरवशावर, असं वडील बोलून दाखवणार नाहीत, इतकंच.

अशीच एक मुलाखत मी आधी गमावली होती. पलीकडच्या बाई कामाचं स्वरूप सविस्तर समजावत होत्या आणि मी एकाग्रतेनं, मनोभावे मान हलवत होते. शाळेत गुरुजींनी तेच शिकवलं होतं: मोठं माणूस बोलत असताना तोंड उघडायचं नाही, कळलं की मान हलवायची. त्या गुरुजींमुळेच मी इथवर आले. त्यांच्या शिस्तीला मी कशी नावं ठेवू? पण फोनला डोळे नसतात. “हॅलो, आहात ना?” बाई पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, मी दचकून ‘हो’ म्हणत राहिले आणि पुन्हा मुकी होत राहिले. शेवटी त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

या वेळी सरावासाठी माझी खोलीतली मैत्रीण संगीता साहेब झाली. माझ्याकडे पाठ करून बसायची आणि घोगऱ्या आवाजात विचारायची, “हं, मॅडम, आपल्याविषयी सांगा.” मी मान हलवून गप्प बसले की म्हणायची, “मॅडम वारल्या वाटतं. पुढचा उमेदवार पाठवा.” हसून हसून दोघींचा शीण जायचा, पण सवय जात नव्हती.

एका संध्याकाळी अशातच आईचा फोन आला. मागं शेळ्यांच्या घंटा किणकिणत होत्या.

“काय गं पुटपुटायलीस? मला बी ऐकव की.”

“इंग्रजी आहे, आई.”

“असू दे. मी हं म्हणते, तू बोल.”

लहानपणी ती गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार देणं आमच्याकडे असायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची. ऐकणारं निजलं, मग सांगायचं कुणाला? आज उलटं झालं होतं. मी माझं शिक्षण, माझं काम, माझी उमेद परक्या भाषेत सांगत होते आणि ती पलीकडून म्हणत होती, “हं. व्हय. मंग?” एकही शब्द न कळता दिलेले ते हुंकार बहुतेक भलत्याच जागी पडत होते, पण त्यांच्यावर पाय ठेवत ठेवत मी शेवटपर्यंत पोचले.

“कळलं का काही?”

“नाय बाई. पण तू कुठं अडली नाय.”

बोलणं हे बोलणाऱ्याचं एकट्याचं कधी असतं का? ऐकणाराही ते अर्धं उचलून धरत असतो.

आणि ती दुपार. साहेब प्रश्न विचारत होते, मी ऐकताना आठवणीनं ‘यस सर’ म्हणत होते. मग माझी पाळी आली. मी बोलू लागले, बोलत राहिले, आणि पलीकडे काहीच नाही. ना हं, ना हो. सगळं हातातून निसटतंय असं वाटलं, आणि गुरुजींची मनोमन क्षमा मागून मी इंग्रजी सोडून विचारलं, “सर, ऐकताय ना?”

मग एक ओशाळलेलं हसू. “अहो, ऐकतोय. मान हलवत होतो. बोला तुम्ही.”

ते कुठल्या गावच्या शाळेत शिकले असतील? विचारायचं धाडस झालं नाही. मी पुढं बोलले, एवढंच.

‘कळवतो,’ म्हणाले. मी उठून पंखा लावला. पाती हळूहळू एकमेकांत मिसळून गेली. मग आईला फोन केला. तिनं निकाल विचारला नाही. कुठली शेळी व्याली, करडू कसं उभं राहिलं, तेच सांगत बसली. त्या वाऱ्यात मी डोळे मिटून, अंगातला सगळा थकवा सैल सोडून, नुसती ऐकत होते.

“हायस नं गं?”

माझी मान हलतच होती.

“हाय, आई,” मी म्हणाले. “मंग?”