भिकाजीच्या भट्टीचा दसरा

अष्टमकर पहिल्यांदा दिसले तेव्हा भिकाजीला वाटलं, धाड पडली. एका हातात कंदिलाएवढी टॉर्च, डोळ्याला भिंग, दाढी पिठात बुडायच्या बेतात. आणि मैद्याच्या पोत्यात असे डोकावत होते, जणू आत एखादा फरारी मंत्री दडलाय. अर्ध्या तासानं मान वर करून ते चक्क मराठीत म्हणाले, "अळी नाही. नमस्कार, मी अष्टमकर. पेणचा ज्यू."

पेणचा ज्यू! देवरुखचा भिकाजी खूश झाला. ती खुशी आठवडाभर टिकली.

भिकाजी एके काळी दुबईच्या हॉटेलात हेड बेकर होता. २००९च्या मंदीत हॉटेल बंद पडलं आणि पुढची तेरा वर्षं तो शेजारच्या अजमानमध्ये खबूस, म्हणजे अरबी रोट्या, थापत राहिला. मग दुबईत हमीदभाई नावाच्या शेठजींनी कोशर, म्हणजे ज्यूंच्या नियमांनी चालणारी बेकरी काढली. म्हणाले, "तीन महिने ठीक से निकालो, हेड बेकर तुम." नियमांवर लक्ष ठेवायला अष्टमकर.

भिकाजी रडकुंडीला आला. अंडं एकेक करून काचेच्या ग्लासात फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला की फेकायचं. मैदा दोनदा चाळायचा. दूध-लोणी उंबऱ्याच्या आत नाही. दुधाचा चहा रस्त्यावर उभं राहून प्यायचा. आणि भट्टी पेटवायची ती ज्यूच्याच हातानं, म्हणजे अष्टमकरांनीच! ते ट्रॅफिकमध्ये अडकले की तीस वर्षं भट्टीपुढे काढलेला बेकर हाताची घडी घालून उभा.

"नुसतं बटण तर दाबायचंय हो!"

"म्हणूनच जमतं मला," अष्टमकर म्हणत.

गिऱ्हाइकांत ज्यू मोजकेच. रांग असायची ती अनुपमाताईंसारख्यांची. त्यांच्या मुलाला, तन्मयला, दुधाचा थेंब पोटात गेला तरी ओठ सुजत. "अठरा दिरहम, म्हणजे पावाला चारशे रुपये!" असं त्या दर वेळी मोठ्यानं म्हणत आणि दोन घेत. "पण इथं कुणीतरी बघतंय. बाकीकडे 'दूध नाही' असं नुसतं छापलेलं असतं."

भिकाजीला एकच रीत आवडे. भरपूर कणीक मळली की अष्टमकर त्यातला छोटा गोळा काढून आगीत जाळत. हा तर नैवेद्यच! म्हणजे माणसं आपल्यातलीच, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

त्या वर्षी दसरा आणि ज्यूंचा मोठा उपास एकाच दिवशी आला. बेकरी बंद, साफसफाईसाठी किल्ली भिकाजीकडे. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस होते. त्यानं मिक्सरला कुंकू लावलं, भट्टीला झेंडूची माळ घातली, निरांजन ओवाळलं आणि भांड्यांवरून, ट्रेंवरून तुपाचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दारातच अष्टमकरांनी नाक वर केलं.

"भिकाजीराव, हा वास कसला?"

"दसरा केला! बटणाला हात लावला नाही हां, आईशप्पत."

"हे चकाकतंय ते काय?"

"तूप."

"कसलं?"

भिकाजी दुखावला. "साजूक! गावाकडचं, गाईचं. डालडा लावीन का मी भट्टीला?"

अष्टमकर पिठाच्या पोत्यावर बसले. "डालडा लावला असतात, तर एखाद वेळेस वाचवलं असतं तुम्हाला."

काउंटरशी अनुपमाताई उभ्या होत्या. "म्हणजे दूधच ना?" त्यांनी विचारलं.

"थेंबभर, ताई. सणाचं."

त्यांनी तन्मयचा हात धरला आणि काही न घेता निघाल्या.

"पेणला शेजारी आम्हाला सोनं द्यायचे," अष्टमकर हळू आवाजात म्हणाले. "सण मला शिकवू नका. ही बाई माझ्या सहीच्या भरवशावर पोराला खाऊ घालते."

"यल्ला, चलो, सब बंद करो!" तेवढ्यात आलेले हमीदभाई ओरडले.

सगळं पुन्हा कोशर करायला ट्रे फेकले, भांडी उकळली, भट्टी आतून लाल होईस्तोवर तापवली. बेकरी चार दिवस बंद होती. पाचव्या दिवशी विजयकुमार नावाचा माणूस हेड बेकर म्हणून आला. भिकाजी सध्या उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात खारी पाकिटात भरतो.