पेसाखातली कणीक

मिस्त्री वारला, तरी ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. इस्रायलमधल्या रामल्यातल्या माझ्या गॅरेजात मुंबईहून आलेला तो मेकॅनिक. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. इंजिनाची ताकद वाढवायला नवा कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवताना वॉल्व्ह पिस्टनवर आपटू नयेत, म्हणून तो पिस्टनवर तेलकट कणकेची गोळी ठेवी, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवून इंजिन हाताने फिरवी, मग उघडून कणीक किती जाड उरली ते नखाने बघे. दुसऱ्या कशावर त्याचा भरवसाच नव्हता.

एकदा ऐन पेसाखात, आम्हा ज्यूंच्या सणात, असाच कॅमशाफ्ट बसवून घ्यायला एक गिऱ्हाईक घाईने आलं. त्या सणात आम्ही पिठाला हात लावत नाही.

"शेठ, सण सरू दे. दोन दिवसांत गाडी काय म्हातारी होतेय?"

"अंदाजाने बसव," मी म्हणालो.

वॉल्व्ह वाकले. गिऱ्हाईक ओरडायला लागलं तसा मी म्हणालो, "यानं तपासलंच नाही." मिस्त्री शेजारीच हात पुसत उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, डबा उचलला आणि काम सोडून गेला.

पुढे मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. त्यानेच दार उघडलं.

"काय शेठ, गाडी अडली?"

माझी गाडी खाली धडधाकट उभी होती. मी "हो" म्हणालो, आणि तो पान्यांची पेटी घेऊन माझ्याआधी जिना उतरला.