सहावी रांग राहिली

दिवा गेला तेव्हा आधी मला रागच आला. "अहो, मी आहे ना आत!" असं ओरडले, आणि त्याच क्षणी शीतगृहाचं दार धप्पकन लागलं. ते दार आतून उघडायची मूठ तीन महिन्यांपासून मोडलेली होती. मला पक्कं माहीत होतं, कारण तक्रारीचं पत्र मीच टाइप केलं होतं.

शनिवार, दुपारचे पावणेदोन. दोन वाजता सगळे घरी जाणार, ते थेट सोमवारी उगवणार. आत उणे वीस. गोठवलेल्या वाटाण्याच्या खोक्यावरचा एक नंबर साहेबांना पत्रात हवा होता, म्हणून दोन मिनिटांसाठी आले होते मी. फोन टेबलावर, अंगात उन्हाळी कपडे, पायांत बारीक पट्ट्यांच्या सँडल.

दार बडवलं. हात बधिर होईपर्यंत बडवलं. वीतभर जाडीचं दार, त्यात पंख्यांची घरघर, कोण ऐकणार? मग फेरीमामा आठवले, आणि माझी पाचावर धारण बसली.

फेरीमामा म्हणजे आमचे दारवाले. बावीस वर्षं एकच काम: माल आत-बाहेर झाला की दार लावायचं. पण या गृहस्थांची तऱ्हाच वेगळी. दार लावण्याआधी बॅटरी घेऊन आत शिरायचे, "कुणी आहे का?" अशी हाक मारायचे, आणि ओ आली नाही तरी सहाच्या सहा रांगा शेवटपर्यंत चालून यायचे. गुडघे दुखतात, तरी. आत जाणाऱ्यानं खिळ्याला बिल्ला अडकवायचा, हेही त्यांचंच खूळ. माझ्यासाठीसुद्धा पत्र्याचा एक बिल्ला कापून आणला होता. आम्ही ऑफिसची माणसं, आम्ही कशाला बिल्ले लावू? तो माझ्या खणात पडून होता.

साहेब एकदा वैतागले होते. "हाक मारली, उत्तर नाही, म्हणजे कुणी नाही. मग पुढे कशाला तंगडतोड?"

"ओ देता येत नसेल तर, साहेब?" मामा म्हणाले. सगळे खो खो हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

वर्षाच्या अहवालात साहेबांना लिहायचं होतं की माणूस प्रामाणिक आहे, पण वेळ फुकट घालवतो. "याला इंग्रजीत एखादा चांगला शब्द आहे का हो?" असं त्यांनी विचारलं. मी लगेच दिला: 'इम्प्रॅक्टिकल'. वर शिकवणीही घेतली. सँडलला लावला तर दिसायला छान पण चालायला कुचकामी, बेताला लावला तर कागदावरच राहणारा, आणि माणसाला लावला तर व्यवहार न कळणारा. साहेब खूश. त्याच कागदावर पुढची ओळ होती: आजपासून फेरी बंद.

त्या शनिवारी सकाळी मामा तो कागद घेऊन माझ्याकडे आले होते. "ताई, काय लिहिलंय हो? फेरी बंद, एवढंच साहेब बोलले. बाकीचं मुलगी विचारेल घरी." मी म्हटलं, "कामात आहे मामा, नंतर सांगते." तोंड वर करून बघितलंसुद्धा नाही.

दारापाशी पंख्याचा झोत सरळ अंगावर येत होता. मी चाचपडत आत सरकले आणि पाचव्या रांगेत खोक्यांच्या आडोशाला बसले. पायांची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. ते थांबल्यावर तर मी जास्तच घाबरले. डोळ्यांपुढे आई येत होती. गॅसवर आमटी ठेवून ती माझी वाट बघत असणार, आणि मी सोमवारी सापडणार. देवा, सोमवारी नको! मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण जबडाच हलेना.

किती वेळ गेला कोण जाणे. दाराचा आवाज झाला आणि उजेडाची एक रेघ छतावर सरकली.

"कुणी आहे का?"

मामा! मी तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा जोर केला, तर नुसती वाफ. हात उचलून खोकं वाजवावं म्हटलं, हात हलेना. माझ्याच शब्दानं यांची फेरी बंद केली होती. उत्तर नाही म्हणजे कुणी नाही. आता दार लावतील, जातील. जा म्हणूनच तर लेखी दिलंय त्यांना.

पावलं वाजली. पहिली रांग. दुसरी. एक पाय जरा ओढत, सावकाश. तिसरी. अहो, लवकर या हो! चौथी. मग बॅटरी थेट तोंडावर.

"अरे देवा! ताई, तुम्ही?"

बाहेर बाकावर त्यांनी मला स्वतःचा कोट घातला, पायांभोवती घोंगडी गुंडाळली, थर्मासमधला चहा घोटघोट पाजला. माझे दात वाजत होते. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पावणेदोनला हुकमाप्रमाणे फेरीशिवाय दार लावलं होतं, पण कार्ड दोनला पंच करून, आपल्या वेळात फेरी मारायला आले होते ते.

जीभ वळायला लागली तशी मी म्हटलं, "मामा, त्या कागदावर लिहिलंय की तुम्हाला व्यवहार कळत नाही. तो शब्द साहेबांचा नाही. मी दिला."

मामांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "आमची मुलगीही तेच म्हणते," ते म्हणाले. "पण बिल्ला का नाही लावलात? तेवढं तरी करायचं होतं हो."

मला रडू फुटलं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कानटोपी घातली, बॅटरी घेतली आणि पुन्हा त्या दाराकडे निघाले.

"मामा! आता कुठे?"

"तुम्ही पाचवीत सापडलात ना," ते म्हणाले. "सहावी राहिली."

मी घोंगडी ओढत, अनवाणी उठले, आणि ते परत येईपर्यंत दोन्ही हातांनी दार धरून उभी राहिले.