जिबवर पाळी माझी होती

मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या युनिटमधले पाच जण शिडाच्या पस्तीस फुटी यॉटवरून मुंबईहून मॉरिशसला निघालो. कप्तान मेजरसाहेब, रेडिओ माझ्याकडे. मी डोंबिवलीचा, समुद्र पाहिलेला तो फक्त चौपाटीवरून. माझा जोडीदार नाईक हरेश कोळी, बाळकुमचा. ठाण्याच्या खाडीत वडिलांबरोबर होडी वल्हवत वाढलेला.

चार तास ड्यूटी, चार तास आराम. सकाळी नऊला रेडिओवर पोझिशन. दुसऱ्या आठवड्यापासून मला एका जागी बसवेना. बांधलेले दोर मी पुन्हा पुन्हा तपासत राहायचो.

"अरे, बस की जरा," हरेश म्हणायचा. "मॉरिशस पळून नाय जात."

सोळाव्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेला आभाळ काळं झालं. मेजरसाहेब ओरडले, "जिब उतारो! हार्नेस लगाओ!"

जिब म्हणजे पुढचं शीड. ते उतरवायची पाळी माझी होती. सकाळपासून मला उलट्या होत होत्या. हरेशने सुकाणू माझ्या हातात दिलं.

"तू हे धर. मी जातो."

मी नाही म्हटलं नाही.

डोलकाठीपाशी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याचा, हुक एका दोरातून काढून दुसऱ्यात अडकवावा लागे. दोन सेकंदांचं काम. तेवढ्यात लाट डेकवरून गेली. ती ओसरली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. दोन वीस.

"मॅन ओव्हरबोर्ड!"

लाइफबॉय, म्हणजे तरंगतं कडं, फेकला. शिडं उतरवली, इंजिन सुरू केलं. हरेश एकदा दिसला, हात वर केलेला. मग पाऊस आला आणि काही दिसेना. मी रेडिओवर मेसेज दिला. सर्वांत जवळचं जहाज चौदा तासांवर होतं. तेही येऊन शोधत राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेजरसाहेबांनी शोध थांबवला. लाइफबॉय मिळाला होता. रिकामा.

रजेवर घरी आलो. बाळकुमला जायला निघालो आणि दोनदा ठाणे स्टेशनवरून परत फिरलो. तिसऱ्यांदा पोचलो. हरेशचे वडील खाडीकाठी होडीला डांबर लावत होते. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "काका, पाळी माझी होती."

त्यांचा हात थांबला.

"किती येल सोधला त्याला?"

"दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत."

"दिसला व्हता?"

"एकदा. हात वर केला होता."

त्यांनी डांबराचा ब्रश डब्यात ठेवला. "तो कंदी कुनाला फुरं जाव देत नव्हता, सोताच जायचा," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "घरान चल. पन त्याचे आयसला हाताचा नको सांगू."

आईने दोनदा विचारलं, "तुला तो दिसला का रं?" मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

आता ते दोघंही नाहीत, म्हणून लिहिलं. नाईक हरेश कोळी, मुक्काम बाळकुम. वय सव्वीस.