कागदाची होडी आणि गाऱ्हाणं

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा हसले ते टीव्हीवर एक कागदाची होडी घडी होऊन बसली तेव्हा.

होडी माझ्या गेममधली. लॉकडाऊनमध्ये डोक्यातले विचार बंद करायला मी गेमचं यंत्र घेतलं होतं. विचार काही बंद झाले नाहीत, पण मारामारीचा एक गेम मात्र अंगवळणी पडला. वेगवेगळ्या गेममधली पात्रं त्यात एका ठिकाणी जमतात आणि एकमेकांना धक्के मारून खाली पाडतात. ना ओळख ना पाळख, तरी हाणामारी. आमच्याकडच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला होते तशी.

ही मारामारी चालते त्या जागा बऱ्याच आहेत. त्यातली एक अख्खी कागदाची. कागदाचा समुद्र, त्याच्या लाटा म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला पुढे-मागे सरकवतात तशा कापलेल्या पट्ट्या, आणि त्यावर पुठ्ठ्याची होडी. होडीवर तुम्ही निवांत भांडत असता. मग शीड आडवं होतं, होडीची टोकं आत वळायला लागतात आणि बघता बघता सगळी होडी मिटून सपाट होते. तिच्या जागी पवनचक्की उभी राहते. ती मिटली की किल्ला. तो मिटला की परत होडी. एक मिटलं आणि दुसरं उघडायचं आहे, एवढ्या वेळात पायाखाली काहीच नसतं. तेवढ्यात जो चुकला तो खाली गेला.

मी या जागेवर कधी खेळायची नाही. आमच्या घरात भित्री म्हणून मी प्रसिद्ध आहे. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी जिन्यावरून परत येते. कुणाचा फोन अवेळी वाजला की आधी मी खाली बसते, मग नाव वाचते. लहानपणी बाबा म्हणायचे, "इतक्या भितंस कित्याक गो चेडवा? अजून काय झालां नाय!" काही होण्याआधीच भिऊन घेतलं की ते होत नाही, असा माझा गुप्त हिशोब होता. शिमगा संपल्यावर एका सकाळी बाबांच्या हातातून चहाचा कप निसटला आणि तो हिशोब खोटा ठरला. त्या दिवशी मला कसलीच भीती वाटत नव्हती. पुढे कित्येक दिवस मला त्याचाच राग येत राहिला.

बाबांचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. तरुणपणी ते गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोलायला खणखणीत माणूस. खिडकीत उभं राहून त्यांनी हाक मारली की रस्त्यापलीकडचा भाजीवाला वर बघायचा. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, "तां". तां म्हणजे ते. पाणी हवं तरी तां, पंखा बंद करा तरी तां, हा नवा डॉक्टर मला आवडला नाही तरी तां. आई आणि मी, आम्ही दोघी भोवती उभ्या राहून ओळखत बसायचो. "चष्मा? पेपर? संडासला जायचंय?" ओळखता आलं नाही की ते डोळे मिटून घ्यायचे.

मी पवईला ऑफिसात काम करते. दिवसातून कितीतरी वेळा काहीतरी निमित्त काढून घरी फोन करायची. आईने लगेच उचलला नाही तर माझ्या डोळ्यांपुढे अख्खा प्रसंग उभा राहायचा, अगदी कोण कुठे बसलंय इथपर्यंत. मग आई फोनवर यायची. "काय गो? पीठ मळतंय मी." मी विचारायची, दूध आलं का. दूध सकाळीच आलेलं असायचं.

तर ती होडी. एका संध्याकाळी मी खेळत होते आणि हात चुकून ती जागा निवडली गेली. होडी मिटली, माझा तलवारवाला खाली गेला आणि मागून घशातून आल्यासारखा आवाज आला. मी दचकून वळले, तर बाबा हसत होते. डावा हात टीव्हीकडे करून म्हणाले, "तां!" मी परत लावली. होडी मिटली. ते बोटांनी हवेतल्या हवेत काहीतरी दुमडायला लागले. आयुष्यभर खोकी दुमडलेला माणूस, त्याला त्या मिटण्या-उघडण्याची गंमत वाटत होती.

मी दुसरा रिमोट त्यांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवला. डाव्या अंगठ्याने छोटी दांडी हलवली की माणूस चालतो, वर ढकलली की उडी मारतो. ठोसे मारायचं बटण उजवीकडे, म्हणजे ते त्यांच्यासाठी नव्हतंच. त्यांना मी एक गुबगुबीत, गोल, भरपूर उड्या मारणारा गडी दिला. तो कुणाला मारायचा नाही. फक्त पडायचा नाही.

मी ऑफिसातून आले की चहा आणि होडी, असं आमचं सुरू झालं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "सत्तर वर्षांच्या माणसाक खेळणी देतंस? लाज नाय?" आणि मग दारात उभी राहून बघायची. थोड्याच दिवसांत बाबा माझ्यापेक्षा चांगले झाले, एक हात आणि मारामारी नाही तरीसुद्धा. होडी नुसती कुरकुरली की मी उडी टाकायची. इतकी आधी, की नवं काही उघडायच्या आतच मी खाली यायची आणि समुद्रात जायची. बाबांचा गोळा मात्र टोकाशी उभा राहायचा. कागद पार पायाशी आला की उडायचा आणि उघडत्या पवनचक्कीवर अलगद उतरायचा.

श्रावण लागला तसा आईचा चेहरा उतरायला लागला. आमचा गणपती पहिल्यापासून भांडुपच्याच घरी. मुलुंडहून काका, काकी आणि त्यांची मुलं दीड दिवस आमच्याकडे येतात. आरती झाली की घरातला मोठा पुरुष गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवापुढे उभं राहून, सगळ्यांच्या वतीने, मोठ्याने देवाशी बोलतो. चुकलंमाकलं पदरात घे, पोराबाळांना सुखी ठेव. तो थांबला की मागचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आजोबांनंतर हा मान बाबांचा. आमचे बाबा गाऱ्हाणं घालायला लागले की शेजारचे गुजराती काका दार उघडून ऐकत उभे राहायचे.

काकाचा फोन आला. "वहिनी, यंदा मी घालतो गाऱ्हाणं. दादाला कशाला त्रास?" काका सरळ माणूस आहे. त्याच्या मनात काहीच नव्हतं. पण आई फोन ठेवून तिथेच बसली. "मान एकदा गेलो की परत येना नाय गो," ती म्हणाली. "मगे दरवर्षी हे कोपऱ्यात खुर्चीर बसतले." बाबा पलंगावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. झटक्याने कान नेले नव्हते.

तेव्हापासून माझी झोप उडाली. मी उपाय काढला. मागच्या वर्षीच्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ माझ्या मोबाईलवर होता, तो लावू आणि बाबांना पुढे उभं करू. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाईल खिशात घातला. "देवाक काय मोबाईल ऐकवतलंस?"

आणि मग एका संध्याकाळी ते झालं. होडी मिटायला लागली, मी नेहमीप्रमाणे आधीच उडी मारली, आणि बाजूने आवाज आला, "थांब गो!"

अख्खे दोन शब्द. स्पष्ट. आई हातात अर्धवट खोवलेला नारळ घेऊन धावत आली. मी रिमोट टाकला. "बाबा, काय म्हणालात? परत म्हणा ना! बरं, म्हणा, बा देवा… म्हणा, बा…" आई दुसऱ्या बाजूने, "अहो, बोला हो, बोला." बाबांचे ओठ हलले. मान लाल झाली. "तां," ते म्हणाले. "तां, तां, तां!" आणि रिमोट भिरकावला. तो कपाटावर आपटून फुटला.

स्पीच थेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्या माझ्यावरच रागावल्या. "त्यांच्या तोंडाशी माइक धरल्यासारखं करू नका. शब्द मागितला की पळतो. आणि तुम्ही दोघी त्यांची वाक्यं पुरी करता ना, ते आधी बंद करा. ते थांबले की तुम्हीही थांबा." मी हो म्हटलं. सांगणं सोपं असतं. कुणी बोलता बोलता अडकलं की त्या शांततेत मला पडल्यासारखं वाटतं. मी पटकन काहीतरी बोलून टाकते. आयुष्यभर तेच केलंय.

गणपती आले. मखर दरवर्षी बाबा करायचे, कारखान्यातल्या पुठ्ठ्याचं. यंदा मी स्टेशनजवळून घडीचं तयार मखर आणलं. उघडलं की तीन खांब आणि कमान आपोआप उभी. साहजिकच मला वाटायला लागलं की आरती चालू असताना हे देवाच्या अंगावर मिटणार. मी ते सुतळीने खिडकीच्या ग्रिलला बांधून टाकलं. बाबांनी डाव्या हाताने एक खांब दाबून बघितला, सुतळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली.

आरती झाली. टाळ थांबले. काकाने आईकडे बघितलं, आईने जमिनीकडे. तेवढ्यात बाबा खुर्चीचा हात धरून उठायला लागले. मी धावले, त्यांच्या उजव्या काखेत हात घातला. ते मखरापुढे जाऊन उभे राहिले. मला त्यांचं वजन कळत होतं.

"बा…" बाबा म्हणाले.

मग काहीच नाही. समईची वात तेवढी चरचरली. काकीने पदर तोंडाला लावला. माझ्या जिभेवर पुढचा शब्द तयार होता, अगदी दातांच्या मागे. मी जीभ चावून धरली. उडी मारू नकोस, मी स्वतःला सांगत होते, अजून नको.

"…देवा," बाबा म्हणाले. "म्हाराजा."

परत थांबले. आता ही शांतता काकाला सोसवेना. भावाची लाज राखायला तो घाईघाईने मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि त्याच्या मागोमाग, सवयीने, सगळी मुलंही. गाऱ्हाणं काही घातलंच नव्हतं आणि आम्ही देवाला हो म्हणून मोकळे झालो.

"थांब!" बाबा गरजले. जुना आवाज. शेजारचं दार उघडल्याचं मी ऐकलं. काका जागच्या जागी अंग चोरून उभा राहिला, पन्नाशी उलटलेला माणूस, मोठ्या भावाने दटावल्यासारखा. आता सगळेच थांबले.

बाबांनी डावा हात उचलला. मला वाटलं ते नमस्कार करणार, एका हाताने. तो हात माझ्या डोक्यावर आला.

"ह्या… चेडवाक…" ते देवाला म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "भ्या वाटता."

मी वर बघितलं नाही. शिमग्यापासून मी त्यांच्यासाठी भीत होते. त्यांच्या श्वासासाठी, त्यांच्या पायासाठी, या एका दिवसासाठी. आणि हा माणूस देवापुढे उभं राहून, मिळालेल्या मोजक्या शब्दांतून स्वतःची वाचा मागत नव्हता, हातही मागत नव्हता.

"तां…" बाबा म्हणाले. मला वाटलं, संपलं, अडकले परत. माझं अंग पुढे झुकलं. त्यांनी डोक्यावरचा हात जरा दाबला. मी थांबले.

"तां काढ."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. काका सगळ्यांत मोठ्याने, रडत. आई, काकी, मुलं, दारातून गुजराती काकासुद्धा. फक्त माझा आवाज निघाला नाही.

बाबांनी ते ओळखलं. ते पुढे काही बोलले नाहीत, हातही काढला नाही. मखरापुढे तसेच, एका पायावर भार देऊन, माझ्याकडे बघत उभे राहिले. मला घाई करायला कुणीच आलं नाही. माझे दोन शब्द यायला बराच वेळ लागला, आणि तोपर्यंत ते थांबले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.